किती उत्तरपत्रिका बुडाल्या तर चालतील?

सातवीच्या परीक्षेला आमच्या मालवणात त्या काळी ‘फायनल’ म्हणत, आणि तो शब्द योग्यच होता. ती उत्तीर्ण झालेल्या माणसाला प्राथमिक शाळेत शिक्षक होता येई. अनुत्तीर्ण झालेल्याने शेतात परतावे, बंदरातल्या पडावावर, म्हणजे माल-माणसे वाहणाऱ्या मोठ्या होडीवर, हमाली करावी, नाहीतर मुंबईला कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकावी. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. मुंबईत मॅट्रिक होऊन आणि अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून आले होते, त्यामुळे कागदावर माझी पात्रता बऱ्याच सहकाऱ्यांहून अधिक होती. मात्र चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा आवाज घशातच राही. आज उतारवयात प्रथमच काही लिहायला बसले असताना हे सांगते आहे ते एवढ्यासाठीच, की त्या वर्षीच्या सभेत मी बोलले होते. ‘कुणी सुचवलेच नाही’ असे नंतर जे सांगण्यात आले, ते खोटे आहे.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, त्या दिवसांतली ही गोष्ट.

त्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्यांत मसुऱ्याजवळच्या एका वाडीतली एक तरुण बाई होती. नवरा नोकरीसाठी मुंबईला गेला; आधी त्याची पत्रे येत, मग येईनाशी झाली, आणि एके दिवशी ती गाठोडे घेऊन भावाच्या घरी परतली. भावाने ठेवून घेतले. त्या बदल्यात भावाचे भात लावणे, कापणे, झोडणे तिच्या वाट्याला आले. शिक्षण चौथीपर्यंत झालेले. आदल्या पावसाळ्यानंतर ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाईनू, माका शिकवतल्यात? माका बाई होवचा आसा. तुमच्यासारख्या.”

मी शिकवले. दर रविवारी ती वाडीतून चालत येई. वाचन तिचे उत्तम होते. इतिहास-भूगोल एकदा सांगितला की पुरे. गणिताने मात्र रडवले. अपूर्णांक तिच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा मी नारळ फोडून खोबऱ्याच्या कातळ्या तिच्यापुढे मांडल्या. मग ते असे शिरले की पुन्हा कधी चुकले नाहीत. भावाने तिला अट घातली होती, आणि ती त्याने माझ्यासमोरच सांगितली होती. “ह्याच एक वर्स. पास झालंस तर बरा. नाय झालंस तर परत पुस्तकाचा नाव काढूचा नाय.” माणूस वाईट नव्हता. त्याच्याही घरात खाणारी तोंडे होती, आणि शेतात हात कमी होते.

शाळेत न जाता परस्पर परीक्षेला बसणाऱ्या अशा माणसांना ‘बाहेरचे उमेदवार’ म्हणत. त्यांत शेतात राबणारे होते, एक दोन विधवा होत्या, एक सैन्यातून परत आलेला मनुष्य होता. वर्गात बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या मागच्या बाकांवर ही मोठी माणसे गुडघे आखडून बसत.

परीक्षेपूर्वी केंद्राची व्यवस्था ठरवण्यासाठी सभा झाली. अध्यक्षस्थानी दौऱ्यावर आलेले दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. शेजारी केंद्रचालक, जे गावातल्या एका मोठ्या शाळेचे हेडमास्तर होते. समोर आम्ही शिक्षक. चहा झाला, खाजे झाले, बाके कुणी आणायची, पाणी कुणी भरायचे, घंटा कुणी वाजवायची हे ठरले. मग उत्तरपत्रिकांचा विषय निघाला.

पूर्वापार पद्धत अशी होती. परीक्षा आठवडाभर चाले. रोज संध्याकाळी त्या दिवसाचे पेपर बांधून केंद्रचालकांच्या कपाटात ठेवत. शेवटचा पेपर झाला की सगळ्यांचा मिळून एक गठ्ठा करून तो जाड कापडात शिवत, त्यावर लाखेची सीले ठोकत आणि शिपायाबरोबर बोटीने रत्नागिरीला तपासायला पाठवत. आमच्या बंदराच्या तोंडाशी खडकच खडक, त्यामुळे बोट दूर उभी राही आणि माणसे, सामान, टपाल सगळे पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. भरल्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकताना भल्याभल्यांनी देवाचे नाव घेतलेले मी पाहिले होते. स्वतःही घेतले होते.

मी उभी राहिले. “बोट रोज येते,” मी म्हणाले. “रोजचे पेपर रोज पाठवले तर बरे होईल. म्हणजे काही झालेच, तर एका दिवसाचे जातील. बाकीचे वाचतील.”

“काही झालेच म्हणजे काय होणार, बाई?” केंद्रचालक हसत म्हणाले. “बोट बुडणार?”

“बाईंका सपान पडलेला दिसता,” मागून कुणीतरी बोलले, आणि सभा हसली.

“रोज शिपाई पाठवायचा, रोज लाख वितळवायची, रोज पंच गोळा करायचे,” केंद्रचालक पुढे म्हणाले. “आजवर कधी एक पेपर तरी गहाळ झालाय?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या समाधानाने विचारला, की जणू तेच उत्तर होते. माझे कान तापले होते. तरी मी म्हणाले, “रोज नको तर मध्ये एकदा तरी. आपण एवढे ठरवूया की किती पेपर गेले तर आपल्याला चालतील. एका दिवसाचे? दोन दिवसांचे? त्यावरून किती वेळा पाठवायचे ते ठरेल.”

दिपोटी साहेबांनी चष्मा काढला. “बाई, एकही पेपर गेलेला चालणार नाही,” ते म्हणाले. “एकही नाही. हे इतिवृत्तात लिहून घ्या.”

लेखनिकाने लिहून घेतले. माना डोलल्या. किती बाणेदार वाक्य! आणि ते लिहून होताच लगेच पुढचा निर्णय लिहिला गेला: सर्व पेपर नेहमीप्रमाणे शेवटी एकत्र पाठवावेत. या दोन वाक्यांत काही विसंगती आहे, हे त्या खोलीत कुणालाही दिसले नाही. आज इतक्या वर्षांनंतरही ते आठवले की माझ्या हातापायांची आग होते. ज्याने ‘एका दिवसाचे गेले तर सोसू’ असे म्हटले असते, त्याला रोज गठ्ठा पाठवावा लागला असता. ‘काहीच जाता कामा नये’ म्हणणाऱ्याला काहीच करावे लागले नाही. त्याने सगळेच्या सगळे पणाला लावले होते, आणि वर करारीपणाची वाहवाही मिळवली होती.

त्या सभेतल्या प्रत्येकाच्या घरी आंब्याचे लोणचे वेगवेगळ्या बरण्यांत भरले जात होते. एका बरणीला बुरशी आली तर वर्षाचे लोणचे जाऊ नये एवढे त्यांच्या बायकांना कळत होते. मला ते बोलून दाखवायचे होते. पण दिपोटी साहेबांपुढे लोणच्याच्या गोष्टी कशा सांगाव्यात, या संकोचाने मी ते गिळले आणि त्याऐवजी विचारले, “आणि गेलेच, तर मुलांचे काय?”

“शाळेतल्या मुलांचे शाळेचे गुण आहेतच की आपल्याकडे.”

“बाहेरच्या उमेदवारांचे तसे काही नाही.”

“त्यांचे काय?” केंद्रचालक घड्याळ पाहत म्हणाले. “त्यांना पुढच्या वर्षी बसता येते.”

तेवढ्यावर विषय संपला. पण मर्यादा ठरली होती, हे माझ्या ध्यानात घरी जाताना आले. किती गेले तर चालेल, हे त्यांनी ठरवले होते. फक्त इतिवृत्तात लिहिले नव्हते. बाहेरचे गेले तर चालणार होते.

परीक्षा झाली. मी बाहेरच्या उमेदवारांच्याच वर्गावर पर्यवेक्षक होते. माझी ती विद्यार्थिनी मागच्या बाकावर, पदर खोचून, टाक शाईत बुडवून लिहीत असे. गणिताच्या दिवशी तिने वर पाहिलेच नाही. घंटा झाल्यावर पेपर माझ्या हातात देताना तिच्या बोटांवर शाई होती आणि चेहऱ्यावर हसू. “कातळी आठवली, बाईनू,” ती हळूच म्हणाली.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी गठ्ठा निघाला. बोटीच्या वेळेला निम्मे गाव धक्क्यावर असे. मीही होते, कारण माझे मामा त्या बोटीने मुंबईला चालले होते. ती बाजारहाट करून वाडीला परतायची होती, म्हणून माझ्याबरोबर आली होती. दिवस आंब्याचे. पडावात करंड्यांवर करंड्या चढवल्या होत्या आणि त्यांच्या फटीफटींतून माणसे बसवली होती. शिपायाने सीले ठोकलेला गठ्ठा मांडीवर धरला होता. दुपारचा वारा सुटला होता. मामा आधीच्या पडावातून गेले होते. आम्ही दुसऱ्या पडावाकडे पाहत होतो.

बोटीच्या शिडीशी पोचल्यावर, शिडी पकडायच्या घाईत माणसे एकदम एका बाजूला सरकली. पडाव कलला. करंड्या घसरल्या, त्यांच्यामागून माणसे. किनाऱ्यावरून एक मोठी किंकाळी उठली. खलाशांनी उड्या टाकल्या, दोर टाकले. देवाच्या कृपेने सगळी माणसे वर आली. शिपायालाही एका करंडीला धरून तरंगताना ओढून काढले. आंबे पाण्यावर पसरले होते, पिवळे, नाचणारे. गठ्ठा दिसत नव्हता.

“बाईनू,” ती माझा दंड धरून म्हणाली, “आमचे पेपर त्यात आसत मां?”

मी मान हलवली.

“सगळे?”

“सगळे,” मी म्हणाले.

ती खाली बसली. तिथेच, धक्क्याच्या दगडावर, बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन.

पडाववाल्या खलाशांनी बुड्या मारून गठ्ठा शोधून काढला. तो शाळेत आणून कापड उसवले, तेव्हा आतून निळे पाणी वाहिले. कागद आंबोळ्यांच्या चळतीसारखे एकमेकांना चिकटले होते. आम्ही दोघी-तिघी शिक्षिका ते एकेक सोडवून मोठ्या वर्गातल्या बाकांवर वाळत घालू लागलो. शाईने लिहिलेले बहुतेक धुऊन गेले होते. पण शिसपेन्सिलीने काढलेल्या भूमितीच्या आकृत्या तशाच होत्या. वरच्या थरातल्या काही पेपरांच्या ओळीही नीट पाहिले तर वाचता येत होत्या. प्रयत्न केला असता तर काही ना काही वाचले असते.

केंद्रचालक दारात आले. “काय चाललंय?”

“वाळवतोय. काही पेपर वाचता येताहेत.”

“सील तुटलंय, बाई. सील तुटलेला पेपर ग्राह्य नाही.”

“सील समुद्राने तोडलं.”

“कुणीही तोडलेलं असो. नियम आहे.”

एकही पेपर गेलेला चालणार नव्हता. आणि आता वाचलेला पेपरही चालणार नव्हता. पंचनामा झाला आणि ते कागद शाळेमागे नेऊन जाळण्यात आले. ओले होते, त्यामुळे धूर फार झाला. चौकशीही झाली. चौकशीत एकच मनुष्य दोषी आढळला: तो शिपाई. त्याने गठ्ठा सोडला म्हणून. त्याला पोहता येते का, हे कुणी विचारले नाही. सभेत कुणी काय सुचवले होते, हेही कुणी विचारले नाही; कुणी काही सुचवलेच नव्हते, असे सांगून सगळे मोकळे झाले.

मेच्या अखेरीस परीक्षेच्या कचेरीचा निर्णय आला. शाळेतून बसलेल्या मुलांना शाळेच्या गुणांवरून निकाल देण्यात आला होता. ती मुले बिचारी वाचली, त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. बाहेरच्या उमेदवारांच्या नावांपुढे एकच शब्द होता. अनुपस्थित.

मी केंद्रचालकांच्या घरी गेले. अशी कुणाच्या घरी भांडायला मी त्याआधी कधी गेले नव्हते. ते झोपाळ्यावर बसले होते.

“अनुपस्थित म्हणजे काय?” मी विचारले.

“म्हणजे पेपर नाहीत.”

“पेपर नाहीत आणि माणूस नाही, यात फरक आहे. माणसे आठवडाभर बसली होती. मी त्यांच्या वर्गावर होते.”

“अहो, त्यांच्या कागदावर दोनच रकाने आहेत. गुण, नाहीतर अनुपस्थित. ते तरी काय करतील?”

“आपली हजेरीपत्रके आहेत. सगळ्यांच्या सह्या आहेत. ती पाठवा.”

केंद्रचालकांनी झोपाळा पायाने थांबवला. “हजेरीपत्रके त्याच गठ्ठ्यात होती,” ते म्हणाले.

“नक्कल?”

त्यांनी हात हलवला. नक्कल कुणी करायची? आणि कशासाठी? एकही पेपर जाणार नव्हताच ना!

“तुम्ही लिहून द्या मग,” मी म्हणाले. “केंद्रचालक म्हणून. ही माणसे हजर होती, एवढेच.”

“आणि मग विचारतील, पेपर एकत्र का पाठवले. नाही बाई, ते जमणार नाही. एवढं काय मनाला लावून घेताय? बसतील पुढच्या वर्षी.”

मी बाहेर पडले.

तिला सांगायला मी मसुऱ्याला गेले. ती अंगणात शेणाने सारवत होती. ऐकून तिने हात पुसले आणि माझ्याकडे पाहत राहिली.

“मी हजर नव्हतंय?” ती म्हणाली. “मगे त्या बाकार कोण बसलेला? माजा भूत?”

नापास झाली असती तर ती रडली असती, असे मला वाटते. या शब्दावर रडता येईना. नापास हा निदान तिच्या लिहिण्यावरचा शेरा झाला असता. ‘अनुपस्थित’ म्हणजे तिने केलेली पायपीट, रविवार, शाईने माखलेली बोटे, हे काही घडलेच नाही, असे सरकारी शिक्क्याने सांगणे होते. तिची वहिनी ओसरीवरून म्हणाली, “मी सांगी होतंय. बायलमाणसाक कशाक व्हयी फायनल.”

मी स्वतः अर्ज लिहिला आणि केंद्रचालकांना वगळून थेट कचेरीला पाठवला. शिस्तभंग होता, त्याबद्दल पुढे मला ताकीदही मिळाली. ती माझ्या पेटीत बरीच वर्षे होती, आणि तिची मला लाज कधीच वाटली नाही. अर्जात मी इतकेच लिहिले, की मी पर्यवेक्षक होते, अमुक माणसे रोज माझ्यासमोर लिहीत होती, आणि हे मी कुठेही शपथेवर सांगेन. उत्तर पावसाळ्यात आले. निर्णय बदलता येत नाही. तथापि ज्या उमेदवारांची इच्छा असेल त्यांच्यासाठी श्रावणात रत्नागिरी येथे फेरपरीक्षा घेण्यात येईल.

रत्नागिरीला. श्रावणात. बोटी बंद असताना, आणि जिकडेतिकडे शेतीची कामे माणसांचा जीव काढत असताना. ज्यांनी ही तारीख ठरवली त्यांच्या पायाला चिखल कधी लागला नसावा, नाहीतर त्यांना तो पक्का ठाऊक असावा. यातले कोणते अधिक वाईट, ते मला ठरवता आलेले नाही. सैन्यातून आलेला मनुष्य म्हणाला, आता नको. त्या विधवांपैकी एकीच्या सासऱ्याने मला ओटीवरूनच परत पाठवले.

मसुऱ्याला गेले तेव्हा लावणी चालू होती. पाऊस कोसळत होता. मी छत्री घेऊन बांधावर उभी, आणि ती, भाऊ, वहिनी गुडघाभर चिखलात वाकलेली. मी भावाला पत्राचा मजकूर सांगितला.

तो सरळ उभा राहिला. “बाईनू, एकदा बसली, तिचे पेपर बुडवल्यात,” तो म्हणाला. “आता परत खंयच्या दर्यात बुडवूक नेतास तिका? आणि लावणी कोण करतला? तुमचो दिपोटी येतलो?”

त्याचा प्रत्येक शब्द मला लागला, कारण त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. मी परत फिरणार, तेवढ्यात ती बोलली. वाकलेलीच होती, हातातल्या आव्यातली, म्हणजे जुडीतली, भाताची रोपे रोवत होती.

“दादा, तू माका एक वर्स दिलेलंस. ता मी नाय बुडवलंय. तेंनी बुडवल्यानी. ता वर्स माका परत व्हया.”

“आणि ह्या कोण करतला?” त्याने शेताकडे हात केला.

“मीच करतलंय. लावणी पुरी करून जातंय. नायतर जाणा नाय.”

भाऊ पुन्हा वाकला. “जातंस तर जा,” तो चिखलाकडे पाहत म्हणाला. “पण आधी ह्यो कुणगो पुरो कर.”

तिने शेताचा तो तुकडा पुरा केला, आणि पुढचेही. रत्नागिरीला मी तिच्याबरोबर गेले. एस.टी.चा प्रवास, वाटेत एका नदीला पाणी चढले म्हणून गाडी खोळंबली, आम्ही एका देवळात बसून राहिलो. तिच्या हातांना चिखलाने चिरा पडल्या होत्या. त्या हातांनी ती माझ्या पुस्तकातली पाने उलटत होती आणि मी तिला भूगोल विचारत होते. तिच्या शेजारी मी एरवी शांत बसले असते, पण त्या दिवशी दर थोड्या वेळाने मला केंद्रचालकांचा तो झोपाळा आठवे, आणि मी पुस्तक इतके जोरात मिटे, की ती म्हणे, “बाईनू, माजो भूगोल इतको वाईट आसा?”

फेरपरीक्षेला जिल्हाभरचे काही उमेदवार होते. आमच्या केंद्राचे, तिच्याखेरीज, एकच कोणी आले होते. पहिल्या पेपरची घंटा झाली. मी व्हरांड्यात, दारापाशी उभी होते. सगळ्यांनी पेपर दिले. ती पेपर घेऊन टेबलापाशी गेली, पण तिने तो हातातून सोडला नाही. वाडीत आणि माझ्याशी ती मालवणीतच बोले. आता ती शुद्ध, सावकाश भाषेत बोलली.

“मी आज हजर होते, एवढे लिहून द्या.”

पर्यवेक्षकांनी वर पाहिले. “काय?”

“मी हजर होते आणि माझा पेपर तुम्हाला मिळाला. तुमच्या सहीने लिहून द्या.”

“ही काय पोस्टाची कचेरी आहे? ठेवा पेपर आणि निघा.”

“ठेवते. आधी लिहून द्या.”

“असा नियम नाही.”

“मागच्या खेपेलाही नव्हता. म्हणून मी अनुपस्थित झाले.”

त्यांनी पेपर ओढायला हात पुढे केला. तिने तो छातीशी धरला. वर्ग थांबला होता. मग त्यांची दृष्टी माझ्याकडे गेली. “तुम्ही कोण यांच्या?”

“शिक्षिका,” मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका मोठा आला की व्हरांड्यातला शिपाई वळून पाहू लागला. “गेल्या परीक्षेत मी यांच्या वर्गावर पर्यवेक्षक होते. ही रोज हजर होती. तुमच्या कचेरीने तिला अनुपस्थित ठरवलं. लिहून दिल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही.”

त्यांनी रागाने कागद फाडून घेतला, दोन ओळी खरडल्या, सही केली आणि तिच्यापुढे टाकला. तिने तो वाचला. मग पेपर टेबलावर ठेवला. तिच्या मागे आमच्याच केंद्राचा दुसरा उमेदवार येऊन उभा राहिला होता. “माका पण,” तो म्हणाला.

ती उत्तीर्ण झाली. गणितात बरे गुण होते. पुढे तिला एका आडवाडीतली शाळा मिळाली. त्या सभेतल्या कुणालाही कधी काही झाले नाही. केंद्रचालक सेवानिवृत्त झाले तेव्हा सत्कार झाला, आणि त्यांच्या कारकीर्दीत एकही गैरप्रकार घडला नाही असे भाषणात सांगण्यात आले. पेपर अजूनही एकत्रच जात होते. पुढच्या वर्षी मी पुन्हा उभी राहून तेच सुचवले, आणि तेच हसू पुन्हा ऐकले. फरक इतकाच की या खेपेला हसण्यावर मी खाली बसले नाही, आणि शेवटी कंटाळून त्यांनी आठवड्याच्या मध्यावर एकदा गठ्ठा पाठवायचे कबूल केले.

पण रत्नागिरीला येऊ न शकलेली जी माणसे होती, ती पुन्हा कधी परीक्षेला बसली नाहीत. सैन्यातला तो मनुष्य, त्या विधवा, शेतातून आलेले ते बाकीचे. कुठल्यातरी कचेरीच्या कागदावर त्यांच्या नावांपुढे आजही तो शब्द असेल, किंवा तो कागदही एव्हाना गेला असेल. म्हणून मी इथे लिहून ठेवते. ती सगळी माणसे हजर होती. आठवडाभर, रोज, मागच्या बाकांवर, गुडघे आखडून लिहीत होती. मी त्या वर्गावर होते. मी पाहिले आहे.